हवेतली किल्ली : बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षेचा इतिहास

१/ ४ जून १९०३, लंडन. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभागृहात जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान रंगात आले होते. सुमारे ४०० किलोमीटरवरील कॉर्नवॉलच्या पोल्धू केंद्रातून गुल्येल्मो मार्कोनी बिनतारी संदेश पाठविणार होते. पण त्यांचा संदेश येण्याआधीच सभागृहातील यंत्र टकटकू लागले. #इतिहास #थ्रेड

२/ फ्लेमिंग यांचे साहाय्यक आर्थर ब्लॉक यांना मोर्स लिपी अवगत होती. त्यांनी कान देऊन ऐकले, तर ‘उंदीर’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द पुनःपुन्हा येत होता. त्यापाठोपाठ आले मार्कोनींची टर उडविणारे विडंबन. श्रोत्यांपैकी बहुतेकांना काही कळले नाही, ब्लॉक मात्र हादरले. कोणीतरी बाहेरून यंत्राचा ताबा घेतला होता.

३/ तो ‘कोणीतरी’ म्हणजे नेव्हिल मॅस्कलिन, पेशाने जादूगार आणि बिनतारी विद्येचा हौशी अभ्यासक. समुद्राखालच्या तारांवर व्यवसाय करणाऱ्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीला मार्कोनींच्या शोधाची धास्ती वाटत होती. मार्कोनींचे संदेश बाहेरून ऐकता येतात का, हे पाहण्याचे काम तिने आधीच मॅस्कलिन यांच्याकडे सोपविले होते. ते ऐकता येत होते.

४/ मार्कोनींचा दावा असा की, यंत्र विशिष्ट कंपनसंख्येवर जुळवले की तसेच जुळवलेले यंत्र नसणाऱ्याला संदेश ऐकता येणार नाही. मॅस्कलिन यांनी तो सर्वांसमक्ष फोल ठरविला. फ्लेमिंग यांनी ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून या प्रकाराला ‘शास्त्रीय गुंडगिरी’ म्हटले. मॅस्कलिन यांनी उत्तर दिले की, लोकांसमोर सत्य यावे म्हणून हे केले.

५/ पुढच्या शतकाचा सगळा वाद या एका प्रसंगात सामावला आहे. लहरी भिंत ओळखत नाहीत, त्या दाही दिशांना पसरतात. कंपनसंख्या म्हणजे घराचा पत्ता, घराचे कुलूप नव्हे. आणि कुलूप तकलादू आहे हे चारचौघांत दाखविणारा माणूस अपराधी की हितचिंतक? हा प्रश्न पुढेही पुनःपुन्हा उभा राहिला.

६/ दुसऱ्या महायुद्धात एक वेगळी कल्पना पुढे आली. ११ ऑगस्ट १९४२ रोजी अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. पाणतीराला दिशा देणारा बिनतारी संदेश सतत कंपनसंख्या बदलत राहील, म्हणजे शत्रूला तो अडविता येणार नाही, अशी ती योजना होती.

७/ दोन्ही टोकांना एकाच वेळी उडी कशी मारायची? त्यासाठी स्वयंचलित पियानोत असतात तशा छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्या सुचविल्या होत्या. कंपनसंख्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच. नौदलाने तेव्हा ती योजना वापरली नाही. ‘उड्या मारण्या’चे हे तत्त्व मात्र १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात एक पर्याय म्हणून आले.

८/ संगणक आणि रेडिओ यांची गाठ १९७१ मध्ये हवाई बेटांवर पडली. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने ‘अलोहानेट’ उभारून निरनिराळ्या बेटांवरचे संगणक लहरींनी जोडले. दोघांचे संदेश एकाच वेळी निघून एकमेकांवर आदळले तर काय, ही तेव्हाची चिंता. चोरून ऐकणाऱ्याचा विचार करण्याचे कारण फारसे नव्हते.

९/ १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही लहरपट्टे परवान्याविना वापरण्यास मोकळे केले. त्यातच २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा होता, ज्यावर मायक्रोवेव्ह भट्ट्या चालतात. तज्ज्ञांना टाकाऊ वाटणाऱ्या या पट्ट्यावर पुढे अवघ्या जगाची वाय-फाय जाळी उभी राहिली.

१०/ १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले. जुलै १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी न्यूयॉर्कमध्ये नवा आयबुक लॅपटॉप हातात धरून त्याभोवती एक कडे फिरवून दाखविले. तार कुठेच नाही! टाळ्यांचा कडकडाट झाला. लॅपटॉप आणि बिनतारी जाळे यांची जोडी तिथून घराघरांत शिरली.

११/ या मानकासोबत एक कुलूपही आले होते, त्याचे नाव डब्ल्यूईपी. नावाचा अर्थ ‘तारेइतकीच गोपनीयता’. अपेक्षा माफक होती. तारेवरचा संदेश चोरायला इमारतीत शिरावे लागते. लहरींवरचा संदेश चोरणेही तितकेच कठीण व्हावे, एवढेच. तेवढेही या कुलपाला साधले नाही.

१२/ पहिली अडचण राजकीय होती. त्या काळी अमेरिकेतून बळकट कूटलेखन परदेशी पाठविण्यावर कडक निर्बंध होते. म्हणून मूळ मानकातील गुप्त किल्ली अवघी ४० बिटांची ठेवली गेली. तिला दर संदेशागणिक बदलणारा २४ बिटांचा एक आकडा जोडायचा, आणि हा आकडा उघडपणेच पाठवायचा, अशी रचना होती.

१३/ किल्ली आणि तो आकडा यांतून आरसी४ नावाची पद्धत आकड्यांचा एक लांबलचक प्रवाह तयार करी. संदेश त्या प्रवाहात मिसळला की वाचता न येणारा मजकूर तयार होई. यात एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागते : तोच प्रवाह दुसऱ्यांदा वापरायचा नाही. वापरला, तर दोन गुप्त संदेश एकमेकांशी ताडून दोन्ही उलगडता येतात.

१४/ २४ बिटांत आकडे मावतात १,६७,७७,२१६. ऐकायला पुष्कळ वाटतात. पण गजबजलेल्या कार्यालयातील जाळ्यावर ते सुमारे पाच तासांत संपत, आणि मग पुनरावृत्ती अटळ असे. त्यात काही उपकरणे दर वेळी चालू होताच शून्यापासून मोजायला लागत. पथ्य मोडण्याची सोय रचनेतच होती.

१५/ दुसरा दोष तपासणीचा. संदेश वाटेत बदलला का, हे पाहण्यासाठी सीआरसी नावाची बेरीज वापरली होती. ती लहरींच्या खरखरीने झालेल्या चुका पकडते. जाणूनबुजून केलेली लबाडी पकडणे तिला साधत नाही. किल्ली ठाऊक नसतानाही संदेशात फेरफार करून बेरीज जुळवून देता येत असे.

१६/ तिसरा दोष माणसांचा. सगळ्या कार्यालयाला एकच किल्ली. कोणी नोकरी सोडून गेला, की खरे तर प्रत्येक संगणकावर ती बदलायला हवी. पण प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हाताने किल्ली भरण्याचा खटाटोप कोण करणार? वाड्याची किल्ली गावभर वाटलेली, आणि कुलूप वर्षानुवर्षे तेच.

१७/ ऑक्टोबर २००० मध्ये इंटेलच्या जेसी वॉकर यांनी दाखवून दिले की, किल्ली कितीही लांब केली तरी ही रचना असुरक्षितच राहील. २००१ मध्ये बर्कली येथील निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांनी वरचे दोष तपशिलाने मांडले. इमारतीच्या पायालाच तडा होता.

१८/ ऑगस्ट २००१ मध्ये स्कॉट फ्लुहरर, इत्सिक मांटिन आणि अदी शमीर यांनी घाव घातला. काही विशिष्ट आकड्यांसोबत आरसी४ वापरली की प्रवाहाच्या सुरुवातीलाच गुप्त किल्लीचे अंश पाझरतात, हे त्यांनी सिद्ध केले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका गटाने ते प्रत्यक्षात करून दाखविले. लवकरच ‘एअरस्नॉर्ट’ हे फुकट साधन कोणालाही मिळू लागले.

१९/ त्या काळात मोटारीत लॅपटॉप आणि अँटेना घेऊन उघडी जाळी शोधत हिंडण्याचा छंद फोफावला. २००२ मध्ये लंडनच्या मॅट जोन्स यांनी त्यासाठी खडूच्या खुणांची लिपीच सुचविली. एकमेकांकडे पाठ केलेली दोन अर्धवर्तुळे म्हणजे जाळे उघडे. पूर्ण वर्तुळ म्हणजे बंद. अमेरिकेतल्या जुन्या भटक्या मजुरांच्या खुणांवरून ही कल्पना सुचली होती.

२०/ उपाय लगेच का झाला नाही? कारण लाखो कार्डे विकली गेली होती आणि बळकट कूटलेखन पेलण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए हा तात्पुरता टेकू आला. जुन्याच कार्डांवर आज्ञावली बदलून तो चालविता येई आणि दर संदेशाला वेगळी किल्ली मिळे.

२१/ कायमचा उपाय जून २००४ मध्ये मंजूर झाला. त्याच्या पोटात होते एईएस हे कूटलेखन. बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन यांची ही रचना खुल्या जागतिक स्पर्धेतून निवडली गेली आणि २००१ मध्ये अमेरिकी मानक झाली. आरसी४ ही व्यापारी गुपित म्हणून जपलेली पद्धत होती, जी १९९४ मध्ये फुटली. एईएसला मात्र जगभरच्या तज्ज्ञांनी निवडीआधीच ठोकून पाहिले होते.

२२/ हाच उपाय डब्ल्यूपीए-२ या नावाने ओळखला जातो. मार्च २००६ पासून वाय-फायचे प्रमाणपत्र हवे असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणाला तो सक्तीचा झाला. नव्या उपकरणाला. आधीच भिंतींवर लटकणाऱ्या कोट्यवधी जुन्या पेट्यांचे काय, याचे उत्तर मानकात नव्हते. पुढची दुखणी याच फटीतून उद्भवली.

२३/ टीजेएक्स ही अमेरिकेतील मोठी दुकानसाखळी. २००५ पासून तिच्या मार्शल्स दुकानांतील डब्ल्यूईपीने ‘सुरक्षित’ केलेल्या वाय-फायमधून चोर आत शिरले. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने ही घुसखोरी जाहीर केली. किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे क्रमांक चोरीला गेल्याचे पुढे उघड झाले. म्होरक्या अल्बर्ट गोन्झालेझ याला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली.

२४/ कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी या प्रकरणाची चौकशी केली. कमकुवत डब्ल्यूईपीवर विसंबून राहणे आणि चांगल्या पद्धतीकडे वळण्यात केलेली दिरंगाई यांवर त्यांच्या २००७ च्या अहवालाने बोट ठेवले. दोष २००१ मध्ये जगजाहीर झाला, उपाय २००३ मध्ये आला, चोरी २००५ मध्ये सुरू झाली. चोरांना नवा शोध लावावा लागला नाही.

२५/ २००७ मध्येच जर्मनीतील डार्मस्टाट येथील तीन संशोधकांनी १०४ बिटांची डब्ल्यूईपी किल्ली मिनिटाभराच्या आत काढून दाखविली. सुमारे ४० हजार पॅकेटे हाती आली की यशाची शक्यता निम्मी. कुलूप आता केवळ शोभेपुरते उरले होते. बऱ्याच घरांत तर तेवढेही नव्हते.

२६/ २६ जुलै २००८. अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने ई-मेल आला होता. तपास करणाऱ्यांनी त्याचा आयपी पत्ता शोधला. माग निघाला नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत.

२७/ तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. पोलिसांनी त्याची चौकशी केली, त्याचे संगणक तपासले. जगभरच्या वृत्तपत्रांत त्याचे नाव झळकले. तपासात निष्पन्न झाले ते वेगळेच : त्याच्या घरचे वाय-फाय उघडे होते. बाहेरच्या कोणीतरी त्याच्या जोडणीवरून तो मेल धाडला होता.

२८/ पुढच्या दोन मेलांचा माग ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयापर्यंत आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरमधील एका कंपनीपर्यंत गेला. दोन्ही ठिकाणच्या वाय-फायचा परस्पर वापर झाला होता. उघडे जाळे हेरून तिथून मेल धाडायचा आणि निघून जायचे, ही रीत पोलिसांनी पुढे तपासाअंती मांडली.

२९/ या प्रकरणातील धडा खोल आहे. आयपी पत्ता जोडणी दाखवितो, माणूस दाखवीत नाही. टपालाच्या शिक्क्यावरून पत्र कोणत्या पेटीत पडले ते कळते, कोणी टाकले ते कळत नाही. पण आपल्या दारातल्या पेटीत कोणी काय टाकले, याचा जाब पहिल्यांदा घरमालकालाच द्यावा लागतो, आणि तोवर त्याची अब्रू पणाला लागलेली असते.

३०/ जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरात फिरून उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम हाती घेतली. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरविणाऱ्यांना सुरक्षित वाय-फायविषयी निर्देश दिले. लंडनच्या हौशी खडूवाल्यांचे काम इथे खाकी वर्दीने केले, तेही घरमालकाला सावध करण्यासाठी.

३१/ आता लॅपटॉपकडे वळू. मे २००६ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिक कल्याण विभागाच्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. गेला एक लॅपटॉप आणि एक बाह्य डिस्क. त्यांत सुमारे २ कोटी ६५ लाख माजी सैनिकांची व इतरांची नावे, जन्मतारखा आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक होते. कूटलेखन नव्हते.

३२/ जूनच्या अखेरीस ती सामग्री परत मिळाली. माहिती उघडली गेल्याची चिन्हे दिसली नाहीत, असे तपासयंत्रणेने सांगितले. त्याच महिन्यात अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांना फिरत्या संगणकांवरील संवेदनशील माहिती कूटलेखनात ठेवण्यास बजावले. ज्यांची माहिती होती त्या सैनिकांच्या हाती यातले काहीच नव्हते.

३३/ लॅपटॉप उघडताना मागितला जाणारा पासवर्ड पुरेसा नाही का? नाही. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की तो पहारेकरी आड येतच नाही. म्हणून संपूर्ण डिस्कच कूटलेखनात ठेवणे आवश्यक ठरते. विंडोज व्हिस्टासोबत ‘बिटलॉकर’ आले, ॲपलचे ‘फाइलव्हॉल्ट’ २००३ पासून होते.

३४/ २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. वीज तोडल्यावरही संगणकाच्या स्मृतीतील मजकूर काही सेकंद ते मिनिटे टिकतो, थंड केल्यास जास्तच. झाकण मिटून ‘झोपविलेल्या’ लॅपटॉपच्या स्मृतीत डिस्कची किल्ली जागीच असते. म्हणून प्रवासात लॅपटॉप पूर्ण बंद करणे शहाणपणाचे.

३५/ ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ हे साधन प्रसिद्ध केले. कॅफेतील उघड्या वाय-फायवर बसलेल्या इतरांची खाती एका क्लिकसरशी वापरता येत. हेतू चोरीचा नव्हता. संकेतस्थळे केवळ प्रवेशापुरतेच कूटलेखन वापरतात, हे दाखवायचे होते. १९०३ चा मॅस्कलिन पुन्हा अवतरला होता. येत्या काही वर्षांत मोठी संकेतस्थळे सर्वकाळ कूटलेखनाकडे वळली.

३६/ सोयीनेही घात केला. लांब पासवर्ड टंकण्याचा त्रास वाचावा म्हणून २००७ मध्ये डब्ल्यूपीएस आले : राउटरवरचा आठ अंकी पिन टाका, जोडणी झाली. २०११ मध्ये स्टेफान फीब्योक यांनी दाखविले की राउटर त्या पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. कोट्यवधी शक्यता उरल्या अवघ्या ११ हजार.

३७/ डब्ल्यूपीए-२ तेरा वर्षे टिकले. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ आणि फ्रँक पिसेन्स यांनी ‘क्रॅक’ हा हल्ला जाहीर केला. जोडणी होताना किल्ली ठरविणारा एक संदेश पुन्हा पाठविला, की उपकरण जुनीच किल्ली नव्याने बसवी आणि मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू करी.

३८/ म्हणजे काय झाले? तोच आकडा, तीच किल्ली, तोच प्रवाह दुसऱ्यांदा! डब्ल्यूईपीला मारणारी चूक वेगळ्या वाटेने परतली होती. एईएस अभेद्यच राहिले. फसली ती भोवतालची शिष्टाचाराची साखळी. आज्ञावली अद्ययावत करून दोष बुजविता आला. ज्या उपकरणांचे अद्ययावतीकरण थांबले होते, ती तशीच राहिली.

३९/ २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ आले. चोरून टिपलेल्या जोडणीवरून घरी बसून पासवर्डचे लाखो अंदाज तपासण्याची वाट त्याने रोखली. २०१९ मध्येच व्हानहूफ आणि एयाल रोनेन यांनी त्यातही त्रुटी दाखविल्या व दुरुस्त्या झाल्या. कुलूप करणारा आणि कुलूप तपासणारा यांची ही जुगलबंदी संपणारी नाही.

४०/ या इतिहासातून निघणारी घरगुती यादी लहान आहे. राउटरवर डब्ल्यूपीए-२ किंवा ३, लांब आणि स्वतः ठरविलेला पासवर्ड, डब्ल्यूपीएस बंद, राउटर आणि लॅपटॉप दोन्हींची आज्ञावली अद्ययावत, डिस्क कूटलेखनात, घराबाहेर पडताना लॅपटॉप पूर्ण बंद. यातील प्रत्येक बाबीमागे वर सांगितलेली एकेक घटना उभी आहे.

४१/ १९०३ मध्ये सभागृहात उंदीर शिरला, तेव्हा नुकसान झाले ते एका शास्त्रज्ञाच्या प्रतिष्ठेचे. २००८ मध्ये सानपाड्यात एका निरपराध माणसाला साखळी स्फोटांच्या संशयाला तोंड द्यावे लागले. दोन्ही वेळी लहरी आपल्या स्वभावाप्रमाणे वागल्या : त्या सर्वांपर्यंत पोहोचल्या. कुलूप लावायचे राहिले होते ते माणसांकडून. (समाप्त) #इतिहास #थ्रेड